पुठ्ठ्याचा कीबोर्ड

रिम्मा साव्हेल्येव्हना यांच्या तासाला कुजबुजणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं, याबद्दल निझ्नी लोग गावात आईबापांचं आणि पोरांचं एकमत होतं. बाई जर्मन शिकवत. फळ्याकडे तोंड करून लिहीत असल्या, तरी मागच्या बाकावर कुणी कुणाला उत्तर पुरवलं की खडू थांबायचा. "कोण बोललं?" वर्ग चिडीचूप. नाव कुणी सांगत नसे, कारण आमच्याकडे चुगलखोराला पुढे जन्मभर कुणी मासे धरायलाही सोबत नेत नाही. बाईंना ते ठाऊक होतं, म्हणून त्या नाव विचारतच नसत. म्हणत, "बोलणारा माणूस असेल तर आपणहून उभा राहील." आणि बहुतेक वेळा कुणीतरी उभं राहायचं. त्याला पाचापैकी दोन गुण, म्हणजे नापास, आणि उत्तर घेणाऱ्यालाही दोन. दया नाही, माया नाही.

अडलेल्या सोबत्याला उत्तर न पुरवणं हे आमच्याकडे नापास होण्यापेक्षाही वाईट समजतात. त्यामुळे बाई एकट्या एका बाजूला आणि सगळं गाव दुसऱ्या बाजूला, असा हा सामना वर्षानुवर्षं चालला होता. गावाला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. वडिलांच्या नावासकट त्यांचं पूर्ण नाव घ्यायला आमची जीभ कधी कंटाळली नाही, पण इथे आपण त्यांना नुसतं रिम्माबाई म्हणू.

ज्या जानेवारीत थंडीने घरांच्या भिंतींचे ओंडके तडकत होते, त्या जानेवारीत जिल्ह्याहून कागद आला. मुख्याध्यापिकेने तो शिक्षकांच्या खोलीत उभ्याने वाचला. ग्रामीण शाळांमधील जर्मन भाषेचे अध्यापन येत्या वर्षापासून बंद करण्यात येत आहे. त्याऐवजी इंग्रजी सुरू करण्यात येईल. इच्छुक शिक्षकांना इंग्रजीचे व संगणकाचे प्राथमिक प्रशिक्षण देण्यात येईल व परीक्षा घेण्यात येईल.

"इंग्रजीची जागा एकच आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि कागदाची घडी घालू लागल्या. "ज्याला जास्त गुण, त्याची जागा. माझ्या हातात काही नाही."

इच्छुक दोघी निघाल्या. एक रिम्माबाई. दुसरी ग्लाफिरा, संगीत शिकवणारी, अकॉर्डियन वाजवणारी, पस्तिशीची. तिचे संगीताचे तास त्याच कागदाने अर्ध्यावर आणले होते. नवरा लांब उत्तरेला तेलाच्या विहिरींवर पाळीने कामाला जायचा, घरी दोन लहान पोरं. ती त्या खोलीतच रडली. रिम्माबाई रडल्या नाहीत. त्या घरी गेल्या आणि त्यांनी बटाटे सोलायला घेतले.

"पंचेचाळीस साली आपण जर्मनांना हरवलं, तरी त्यांची भाषा शाळेत राहिली," त्यांचा नवरा प्रोखोर चुलीशेजारच्या बाकावरून म्हणाला. तो पूर्वी नदीतून लाकडाचे तराफे वाहून न्यायचा. आता त्याच्याकडे वेळ होता आणि मतं होती. "आता लढाई नाही, काही नाही, आणि हरली बिचारी."

"पण बंद करतंय कोण, प्रोखोर? अख्ख्या कागदात एक नाव नाही."

"सही असेल की."

"सही वाचता येत नाही."

"मग झालं तर. वरून आलंय. बर्फ कोण पाडतं ते विचारतेस का कधी?"

रिम्माबाई सोलत राहिल्या, पण सालं नेहमीपेक्षा जाड निघाली.

शिकवणी दर शनिवारी, नदीपलीकडच्या गावातल्या तंत्रनिकेतनात. हिवाळ्यात कामा नदी गोठलेली असते, त्यामुळे बस सरळ बर्फावरून जाते. शाळेलाही एक कॉम्प्युटर मिळाला होता, पण तो बिघडू नये म्हणून मुख्याध्यापिकेने कपाटात कुलूपबंद ठेवला होता. आणि खरं सांगायचं तर तो कधीच बिघडला नाही.

तंत्रनिकेतनातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना बूट बाहेर काढून घरच्या सपाता घालाव्या लागत. कॉम्प्युटरच्या प्रत्येक पडद्यावर खिडक्यांच्या जुन्या पडद्यांतून शिवलेला अभ्रा, आणि प्रत्येक यंत्राशेजारी कुंडीत एक निवडुंग. शिकवणारा यारोस्लाव्ह नावाचा किडकिडीत तरुण होता. रिम्माबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "या काटेरी प्राण्याचं इथे काय काम?"

"निवडुंग पडद्यातून येणारे किरण शोषून घेतो, रिम्मा साव्हेल्येव्हना."

"कुणी बघितलं?"

"असं मानलं जातं."

"कोण मानतं?"

यारोस्लाव्ह गोंधळला. मग हसून म्हणाला, "माझी आई." वर्गात बसलेले, गावोगावच्या शाळांतले सगळे शिक्षक खो खो हसले. इतिहासाचे, कवायतीचे, एक तर स्वयंपाक शिकवणाऱ्या बाई, सगळे असेच भाषा बदलायला आलेले. पण रिम्माबाईंच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला तो तिथूनच.

आधी इंग्रजीला त्यांनी नाक मुरडलं. ही तर आपली जर्मनच, घाईत अर्धे कपडे घालून घराबाहेर पडलेली, असं त्या म्हणत. मग कर्मणि प्रयोग आला. आमच्याकडे परीक्षा म्हणजे उतारा पाठ करणं. यारोस्लाव्हने उतारा दिला आणि म्हणाला, हाच परीक्षेला येतो, डोळे मिटून पाठ करा. उतारा कॉम्प्युटरवरच होता. कॉम्प्युटर चालू केला जातो. अक्षरं छापली जातात. फाइल जतन केली जाते. यंत्र बंद केलं जातं.

ग्लाफिराने त्याला चाल लावली. संध्याकाळपर्यंत तिला तो मुखोद्गत झाला होता. अर्थाशी तिला घेणंदेणं नव्हतं, इटालियन गाणीही ती अशीच पाठ करायची.

रिम्माबाईंनी मात्र हात वर केला. "चालू केला जातो. कोण करतं?"

"कुणीही करेल."

"कुणीही करत असेल, तर अंगणातला दिवा कुणी चालू ठेवला यावरून माझ्या घरी भांडणं का होतात?"

"इथे करणारा महत्त्वाचा नाही," यारोस्लाव्ह म्हणाला. "म्हणून त्याला गाळतात."

"महत्त्वाचा नाही म्हणून गाळतात, की फार महत्त्वाचा आहे म्हणून?"

यारोस्लाव्हने डोकं खाजवलं. "हे पुस्तकात नाही दिलेलं," तो म्हणाला. प्रामाणिक पोरगा होता.

झालं. बाईंना छंदच लागला. बस थांब्यावरच्या पाटीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत जिथे तिथे त्या बिनकर्त्याची वाक्यं हुडकू लागल्या. सूचना दिली गेली आहे. निर्णय घेण्यात आला आहे. दुकान बंद ठेवण्यात आलं आहे. कॉम्प्युटर तर या बाबतीत पक्का सरकारी बाबू निघाला. बदल जतन केले गेलेले नाहीत, असं तो इंग्रजीत सांगायचा, आणि मी केले नाहीत म्हणायची टाप नव्हती त्याची. घरी प्रोखोरने म्हटलं, "कप फुटला गं," तर बाई म्हणाल्या, "फुटला, की फोडला गेला? आणि फोडला गेला तर कुणाकडून?"

"रिम्मा, मला जेवू दे."

वयाच्या या टप्प्यावर काही नवं कळण्याची अशी हाव सुटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. रात्री अंथरुणात पडल्यावर त्यांना मुलीसारखं हसू यायचं. शनिवारी कळलेलं सोमवारी सातवीच्या पोरांना सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तास जर्मनचा, पण गोष्टी इंग्रजीच्या. आणि असं एकदा सांगता सांगता, पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत असताना, बाईंच्या मनात एकदम आलं. सप्टेंबरात शाळेचं नवं वर्ष सुरू होईल तेव्हा ही बाकं आपल्यासमोर नसतील तर? शिकलेलं सांगायला कुणी नसेल तर ते शिकणं घेऊन जायचं कुठे? पगाराचं काय, पेन्शन जवळच आली होती, गाय होती, बटाटे होते. पण वर्ग गेला तर आपण नुसत्या प्रोखोरची बायको उरू, हे त्यांना त्या दिवशी लख्ख कळलं. ती जागा त्यांना हवी होती. अगदी जिवापाड हवी होती.

एप्रिलात नदी फुटली. बर्फाचे तुकडे वाहायला लागले की आमचं गाव जगापासून तुटतं. बर्फावरून जाता येत नाही आणि तराफाबोट अजून निघत नाही. शनिवार बुडायला लागले. मुख्याध्यापिका कपाटाची किल्ली देईनात. सरकारी वस्तू, म्हणे. तेव्हा रिम्माबाईंनी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर पेन्सिलीने कीबोर्ड आखला. आमच्या कीबोर्डवर एकेका कळीवर दोन अक्षरं राहतात, एक रशियन आणि एक इंग्रजी. बाईंनी रशियन निळ्याने लिहिली, इंग्रजी तांबड्याने. कुठलं अक्षर उमटायचं ते यंत्राला आधी दोन कळा एकदम दाबून सांगावं लागतं, आणि त्याने ते ऐकलं की नाही ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं. पुठ्ठ्याला अर्थात पडदा नव्हता.

एक झाल्यावर बाईंनी दुसरा कापायला घेतला.

"हा कुणाला?" प्रोखोरने विचारलं.

"ग्लाशाला." ग्लाफिराला त्या लाडाने ग्लाशा म्हणत.

"शाबास. आपल्या वैऱ्याला बंदूक करून दे."

"पुठ्ठा आहे तो, प्रोखोर."

"मी तेच म्हणतो. आधी पुठ्ठ्याचीच देतात."

ग्लाफिराच्या दारात मात्र ती बिचारी पुठ्ठा हातात घेऊन नुसती उभी राहिली. एक पोरगं तिच्या कडेवर, दुसरं परकराला लटकलेलं. "रिम्मा साव्हेल्येव्हना, जागा एकच आहे, हे माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये. म्हणून तू अडाणी राहावंस की काय? बोटं कळीवर, नजर कळीवर. रोज."

ग्लाफिराची बोटं अकॉर्डियनची. आठवड्याभरात ती पुठ्ठ्यावर भरधाव धावायला लागली. कधी लापशी ढवळता ढवळता एका हाताने, कधी पोरं झोपवता झोपवता दुसऱ्या हाताने, मान खाली आणि ओठांत त्या उताऱ्याची चाल. बाई येता जाता बघायच्या आणि म्हणायच्या, "छान. मान वर करायची नाही."

परीक्षा जूनच्या सुरुवातीला ठेवली होती. रिवाजाप्रमाणे परीक्षकांसाठी बाजूच्या खोलीत टेबल मांडायचं काम परीक्षा देणाऱ्यांचंच. कुणी हेरिंग माशाचं सॅलड आणलं, कुणी केक, कुणी काकड्यांचं लोणचं. रिम्माबाईंनी कणकेत कोबीचं सारण भरून भाजलेला पिरोग केला होता, भलामोठा, वरून अंड्याने चकाकवलेला. टेबल मांडून झाल्यावर सगळे सपाता घालून निवडुंगांच्या खोलीत आले.

परीक्षकांचे प्रमुख जिल्ह्याहून आलेले गृहस्थ होते. किरील अर्कादियेविच त्यांचं नाव. रुंद, घामेजलेले आणि एकंदरीत सज्जन. त्यांनी आधीच बजावून ठेवलं, "बोलायचं नाही. मास्तर लोक आहात, तुम्हाला काय सांगायचं! जो बोलेल त्याचा पेपर रद्द."

तोंडी परीक्षा झाली. टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची आणि त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. रिम्माबाईंना कर्मणि प्रयोगच आला. त्या इतक्या रंगून बोलल्या की किरील अर्कादियेविच यांनी पेन खाली ठेवलं. "व्वा," ते म्हणाले. ग्लाफिराने चाल लावलेला उतारा घडाघडा म्हटला, पण बाईंइतकं तिला जमलं नाही, हे तिलाही कळलं आणि बाईंनाही.

मग शेवटचं काम. उतारा इंग्रजीत छापायचा आणि फाइल जतन करायची. रिम्माबाई दोन बोटांनी छापत. एक शब्द झाला की पडद्याकडे बघत, मग पुढचा. सावकाश, पण चूक नाही. फाइल जतन झाली. पडद्यावर तसं आलं. बाईंनी सुस्कारा सोडला. जागा आता त्यांचीच होती. सप्टेंबर डोळ्यांसमोर आला, शाळेच्या पहिल्या दिवशी फुलं घेऊन उभी राहिलेली पोरं आली. मग त्यांनी सहज उजवीकडे पाहिलं.

शेजारी ग्लाफिरा छापत होती. मान खाली, बोटं भरधाव, ओठांत चाल. आणि तिच्या पडद्यावर रशियन अक्षरांच्या ओळीच्या ओळी उमटत होत्या, ज्यांतली भाषा जगातली कुठलीच नव्हती. यंत्राला दोन कळा दाबून सांगायचं ती विसरली होती. तांबडी अक्षरं दाबत होती आणि निळी उमटत होती. अर्धा उतारा झाला होता, आणि ती मान वर करत नव्हती.

रिम्माबाईंनी नजर आपल्या पडद्यावर आणली. गप्प बसायचं एवढंच तर काम होतं. नियमही तेच सांगत होता, आणि ज्या नियमासाठी त्या आयुष्यभर गावाशी भांडल्या तोही तेच सांगत होता. त्यांचा फायदाही त्यातच होता. असं सगळं एका बाजूने जुळून येणं त्यांना जरा संशयास्पदच वाटलं. आणि ती मान खाली घालायला शिकवली कुणी? ती सवय लावली गेली, असं स्वतःला सांगून भागेना. जागा हवी होती त्यांना, अजूनही तितकीच हवी होती. कुजबुजणाऱ्या पोरांना त्यांनी आजवर नेहमी समोरून पाहिलं होतं. शेजारच्या बाकावरून बुडणारा माणूस कसा दिसतो, ते त्या पहिल्यांदाच पाहत होत्या, आणि ते बघवत नव्हतं.

कुजबुजायचं कसं असतं तेही त्यांना माहीत नव्हतं. त्या वर्गातल्या आवाजात, खणखणीत बोलल्या, "ग्लाशा, मान वर कर. पडदा बघ."

ग्लाफिराने मान वर केली आणि तिच्या तोंडून एक बारीक किंकाळी निघाली. किरील अर्कादियेविच खिडकीशी पाठमोरे उभे राहून चहा पीत होते. ते वळले.

"कोण बोललं?"

खोली चिडीचूप. इतिहासाचे गुरुजी छताकडे बघायला लागले. कवायतीचे मास्तर निवडुंगाचे काटे मोजू लागले. स्वयंपाकाच्या बाईंनी तर डोळेच मिटून घेतले. जन्मभर पोरांच्या कुजबुजीवर ओरडलेली ही सगळी माणसं, पण एकानेही नाव घेतलं नाही. रिम्माबाईंना त्या क्षणी ती सगळी फार आवडली.

त्या उभ्या राहिल्या. "मी बोलले."

"तुम्ही?" प्रमुखांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी कपाळ पुसलं, समोरचा कागद ओढला आणि त्यावर बघत म्हणाले, "नियमानुसार उमेदवाराचा पेपर रद्द करण्यात येत आहे."

"कोण करतंय?" रिम्माबाईंनी विचारलं. त्यात उद्धटपणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काय?"

"रद्द कोण करतंय, ते विचारलं."

किरील अर्कादियेविच लाल झाले. त्यांनी दाराकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच बाईंकडे पाहिलं. "मी करतोय," ते हळू म्हणाले. "काय करू, रिम्मा साव्हेल्येव्हना, मीच सांगितलं होतं ना सगळ्यांसमोर."

"बरोबर केलंत. मीही हेच केलं असतं," बाई म्हणाल्या, सपाता काढून बूट घातले आणि बाहेर जाऊन ओसरीवर बसल्या. शेजारच्या खोलीतून थोड्या वेळाने सुऱ्याकाट्यांचे आवाज आले. पिरोग मात्र रद्द झाला नव्हता.

ग्लाफिराने घाईघाईने सगळं पुसून पुन्हा छापलं होतं. तिला पाचापैकी चार मिळाले. घरी निघालेली बस तराफाबोटीवर चढली तेव्हाही ती रडतच होती. बोट मोठी, सपाट, लोखंडी. मधोमध बस, आणि कठड्यालगतच्या बाकांवर बाजारातून परतणाऱ्या बायका, पायाशी दुधाच्या खोक्यांत लावलेली टोमॅटोची रोपं. या दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या.

"मी मुख्याध्यापिकेला सांगते," ग्लाफिरा हुंदके देत म्हणाली. "मला नको ही जागा. तुमची आहे ती."

"वेडी आहेस. तुझ्या पोरांना मी खायला काय घालू, माझा मोठेपणा?"

"तुम्ही बोललात कशाला पण? तुम्ही! अख्खं गाव उद्या चक्कर येऊन पडेल."

"पडू दे. उन्हाळा आहे, हवा चांगली आहे." बाई पाण्याकडे बघत होत्या. त्यांना वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, आणि ते कुणी बघितलं तर बघितलं असं त्यांनी ठरवलं होतं. पण डोक्यातला किडा काही मेला नव्हता. त्या वळल्या. "ग्लाशा, मला एक सांग. तो उतारा तुला पाठ आहे. पण त्यात करणारा का गाळलाय, ते कळलंय का तुला?"

ग्लाफिराने नाक पुसलं. "नाही," ती म्हणाली. "मी नुसती म्हणते ते."

"आणि सप्टेंबरात कुणी पोराने विचारलं तर? इवान्कोव्हांचा धाकटा नक्की विचारणार, मी ओळखते त्याला."

"मग सांगा ना," ग्लाफिरा म्हणाली. "आत्ता सांगा."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. आधी हळू आवाजात, मग इंजिनाच्या धडधडीमुळे मोठ्याने. जर्मनमध्ये हे कसं चालतं, इंग्रजीत कसं, आपल्यात कसं. जवळच्या बाकावरच्या बाईने आपली रोपं सरकवून जागा केली आणि विचारलं, "म्हणजे दूध सांडलं, असं माझा नवरा म्हणतो, तसंच का?"

"तुमच्या नवऱ्याने सगळं व्याकरण एका वाक्यात सांगितलं," बाई म्हणाल्या. "दूध सांडलंय, हे खरं. सांडणाराही शेजारीच उभा आहे. फक्त वाक्यात यायला तयार नाही."

बाका-बाकांवर हशा पिकला. दुसरी म्हणाली, "आणि पेन्शन उशिरा दिली जाईल म्हणतात ते?"

"तेही."

"मग इंग्रजांचेही नवरे असेच का हो, बाई?"

"अगदी असेच. त्यांचं सरकारही. यंत्रंसुद्धा त्यांनी अशीच घडवलीत." बाई आता हातवारे करत होत्या. खडू नव्हता, म्हणून बोटाने हवेत वाक्य लिहीत होत्या. शब्द तोडत होत्या, जोडत होत्या, बायकांना विचारत होत्या, चुकलं तर पुन्हा म्हणायला लावत होत्या. ग्लाफिरा रडायची थांबली. तिने चाल सोडून दिली आणि पहिल्यांदाच एक वाक्य स्वतः जुळवलं. बाई म्हणाल्या, "हे बघ. हे तुझं."

बोट किनाऱ्याला टेकली. बस आणि माणसं उतरायची फळी खाली सोडणारी चक्री येफिमच्या हातात होती. येफिम आमच्याच गावचा. जर्मनपायी सातवीत दोन वर्षं बसलेला. त्याने चक्रीला हात घातला, मागे पाहिलं आणि हात काढून घेतला.

बसचा ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला. "अरे येफिम, झोपलास का? फळी सोड!"

"गप रे," येफिम ओरडला. "बाईंचा तास चाललाय."

रिम्माबाईंनी मान वर केली. दोन्ही कठड्यांलगतची बाकं भरलेली होती, आणि सगळे चेहरे त्यांच्याकडे वळलेले होते. वाक्याच्या मध्येच त्या अडखळल्या. मग त्यांनी ते वाक्य पुरं केलं, नीट, शेवटच्या शब्दापर्यंत. तेव्हा कुठे दिवसभरात पहिल्यांदा त्यांना रडू आलं, आणि त्यांनी तोंड वळवलं नाही.

"सोड फळी, येफिम," त्या म्हणाल्या. "संपला तास."

येफिमने फळी सोडली. पण बाकांवरून कुणी उठलं नाही.